अखंड नळी

चिकपेट, बंगळूर
९ जून १९५८

चि. बिंदुमाधवास तुंगाअक्काचे आशीर्वाद.

तुझी कल्पना काल सकाळी सुखरूप पोचली. मी स्वतः स्टेशनवर गेले होते. बाईसाहेब ट्रंकेवर अशा बसल्या होत्या, जणू स्टेशन त्यांच्याच मालकीचं. भूक लागली का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली आणि घरी आल्यावर पाच दोसे खाल्ले. तेव्हा तिची काळजी करायची नाही. मल्लेश्वरमच्या कॉलेजात नाव घातलं आहे, बस आमच्या बोळाच्या तोंडाशीच मिळते. फीचं मी बघते. यजमान गेल्यापासून ह्या घरात उदबत्तीच्या वासाखेरीज मला सोबत नव्हती. आता, सख्खी नसले तरी मला आत्या म्हणणारं, एक बोलणारं माणूस आलं.

आता कामाचं. चार वर्षं तू मला गुळुंबाची साल पाठवतो आहेस, मी कधी तक्रार केली नाही. पण मागच्या खेपेत भेसळ होती. ह्या सालीची पूड, म्हणजे आमचा जिगट, चांगला चिकट नसेल तर कोळसा आणि चंदन उदबत्तीच्या काडीला धरत नाही. मल्लेश्वरमचे दुकानदार सत्यनारायणराव स्वतः तीन पुडे परत घेऊन आले. म्हणाले, तुंगाबाई, तुमची बत्ती आरतीच्या ताटात झडते. चौतीस बायका माझ्यासाठी घरोघरी बत्त्या वळतात, त्यांच्यादेखत मला खाली बघावं लागलं.

साल दळून देणारा आमचा गुंडो आहे, त्यानं खूण सांगितली. गुळुंबाची साल अखंड काढली तर वाळताना आपोआप गुंडाळते आणि तिची नळी होते. भेसळीची साल तडकते. म्हणून यापुढे तुकडे नकोत आणि अरुंद पट्ट्याही नकोत. झाडाच्या घेराएवढी अखंड नळी पाठवायची. दर सव्वापट देईन. देवापुढे जळायची वस्तू आहे, तिच्यात खोट चालायची नाही. एवढं स्वल्प मनावर घे.

तुंगाअक्का


गवसेवाडी, ता. खानापूर
२६ जून १९५८
(हे पत्र लिहिलं गेलं, पण टपालात पडलं नाही.)

ती. तुंगाअक्का,

पत्र पोचलं. पाच दोशांचं वाचून कल्पनेची आई आधी हसली आणि मग रडली. तुमचे उपकार आहेत.

अक्का, नळीचं मात्र जमायचं नाही. तुम्ही हे झाड पाहिलेलं नाही म्हणून सांगतो. माझ्या ओढ्याकाठच्या रानात दोन्ही तीरांना मिळून दोनेकशे गुळुंब आहेत. देवाप्पा त्यांची साल काढतो, त्याचा बापही हेच करायचा. त्यांचा रिवाज असा, की झाडाच्या उगवतीकडची वीतभर रुंदीची पट्टी तेवढी काढायची, जखमेवर शेणमाती लिंपायची आणि त्या झाडाकडे तीन वर्षं फिरकायचं नाही. जखम भरून आली की मग पुन्हा. घेराएवढी साल काढली तर झाड वर्षात शेंड्याकडून वाळतं. तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा देवाप्पा एवढंच म्हणाला, "अक्कांना कळवा मास्तर, एक झाड म्हणजे चार नळ्या. मग झाड न्हाई."

भेसळ माझ्या हातून झाली. पावसामुळे माल कमी भरला, तेव्हा दुसऱ्या झाडाच्या पट्ट्या मी मधे घातल्या. पुन्हा करणार नाही. पट्ट्याच घ्याव्यात ही विनंती.

आपला,
बिंदुमाधव


गवसेवाडी, ता. खानापूर
२८ जून १९५८

ती. तुंगाअक्का,

पत्र पोचलं. पाच दोशांचं वाचून कल्पनेची आई आधी हसली आणि मग रडली. तुम्ही तिच्यासाठी जे करता आहात ते आम्ही ह्या जन्मी फेडू शकणार नाही.

नळ्यांचं देवाप्पाला सांगितलं. त्यानं जुन्या रिवाजाचं काहीबाही काढलं, रानातली माणसं, तुम्हाला ठाऊकच आहे. ते मी बघून घेतो. भेसळ कुठे झाली याची चौकशी चालू आहे. पहिल्या नळ्या पावसाळा सरला की निघतील.

कल्पनेला म्हणावं, आत्याला त्रास देऊ नकोस.

आपला,
बिंदुमाधव


चिकपेट, बंगळूर
१७ जानेवारी १९५९

चि. बिंदुमाधव,

नळ्या आल्या. इतका सुंदर माल मी यजमानांच्या काळातही पाहिला नव्हता. एकीलाही तडा नाही. गुंडोनं जिगट दळून बोटावर घेऊन दाखवला, बोट बोटापासून सुटेना. सत्यनारायणराव आता माझ्याखेरीज कोणाची बत्ती ठेवत नाहीत आणि गिऱ्हाइकाला सांगतात, ह्या बाईकडे फसवणूक नाही. ऐकून बरं वाटतं रे. नवरा गेलेल्या बाईनं धंदा केला की लोक आधी तिच्या तागडीकडे बघतात. माझ्या तागडीकडे आता कोणी बघत नाही.

मागणी वाढली म्हणून आणखी नऊ बायका घेतल्या. त्यांतली कस्तुराबाई म्हणजे तोफ आहे. वळता वळता सगळ्या बोळाचं बरंवाईट सांगते आणि तरी दिवसाला हजारावर बत्त्या वळते. तिचा नवरा गिरणीतून काढलेला, चार तोंडं तिच्या हातांवर आहेत.

कल्पना पहिल्या सहामाहीत पास झाली. सालीच्या धुरळ्यानं तिला खोकला येतो, म्हणून माळ्यावरच्या कोठीत मी तिला पाठवत नाही. पुढच्या वर्षी दुप्पट नळ्या लागतील, देवाप्पाला आत्ताच सांगून ठेव.

तुंगाअक्का


गवसेवाडी, ता. खानापूर
१२ मार्च १९६१

ती. अक्का,

यंदा माल उशिरा निघाला आणि कमी निघाला, क्षमा असावी. रान थोडं मागे सरकलं आहे. देवाप्पाला आता साल आणायला दोन दिवसांची चाल पडते, आणि आणखी चार माणसं जोडीला घ्यावी लागतात. ओढा यंदा माघातच आटला, त्यामुळे बायकांना पाण्यासाठी खालच्या वाडीवर जावं लागतं. हवा बदलली आहे असं जुनी माणसं म्हणतात.

कल्पनेचं शेवटचं वर्ष तेवढं नीट पार पडावं. ती पत्रात भलतेच प्रश्न विचारते, ओढ्याला पाणी किती, गुळुंबाला फूल आलं का. अभ्यासाच्या वयात मुलांनी असलं काही डोक्यात घेऊ नये. तुम्ही समजावून सांगावं.

आपला,
बिंदुमाधव


चिकपेट, बंगळूर
२० ऑगस्ट १९६१

बिंदुमाधव,

आज आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. आधी ऐकून घे.

गुरुवारी तुझी लॉरी आली तेव्हा हमाल जेवायला गेले होते. कल्पना घरी होती. पदर ओला करून तिनं नाकातोंडाला बांधला आणि माझ्याबरोबर नळ्या माळ्यावर चढवू लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या हातात घेतल्या. एक नळी घेऊन ती जिन्यातच बसली. नळीच्या दोन्ही कडा तिनं एकमेकींना लावून पाहिल्या. कोयत्याच्या खाचा एका कडेवर जिथे होत्या तिथेच दुसरीवर होत्या. मला म्हणाली, "आत्या, ह्या दोन कडा एकाच चिरेच्या आहेत. सगळं झाड सोललंय."

मी म्हटलं, सोललं तर सोललं, येईल की परत. बिंदू, मला खरंच तसं वाटत होतं. मी दुधी सोलते, आलं सोलते. साल म्हणजे झाडाची नखं, कापली की वाढतात, अशी माझी समजूत. चिकपेटात वाढलेल्या बाईनं झाड म्हणून पाहिलंय काय, तर अंगणातली तुळस आणि कब्बन पार्कातली सावली. कल्पनेनं मला शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. झाड जेवण करतं पानात आणि ते मुळांना पोचतं सालीतून. गोल साल काढली की मुळं उपाशी मरतात. मग तिनं विचारलं, "बाबांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

मी तुझी सगळी पत्रं काढून वाचली. एकाही पत्रात झाड मरतं असं नाही. आहे ते एवढंच, की देवाप्पानं जुन्या रिवाजाचं काहीबाही काढलं. अठ्ठावन्नचं पत्र आहे ते. रिवाज कसला, हे मी तुला उलट विचारलं नाही. विचारलं असतं तर एक पोस्टकार्ड लागलं असतं. मला माल सुंदर मिळत होता, म्हणून विचारलं नाही. तेव्हा तुझ्यावर ओरडताना माझा आवाज थोडा बसतो, हेही लिहून ठेवते.

पोरीनं दोन दिवस नीट खाल्लेलं नाही. गावी यायला तिनं ट्रंक भरली होती, मी कुलूप घालून किल्ली कमरेला लावली आहे. तुला माहीत होतं का, एवढंच मला कळव. लांबण लावू नकोस.

तुंगा


गवसेवाडी, ता. खानापूर
३ सप्टेंबर १९६१

ती. अक्का,

माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

सोबत एक जुनं पत्र पाठवतो. सव्वीस जून अठ्ठावन्नचं आहे. लिहिलं, पाकिटात घातलं, खानापूरच्या टपालपेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. वाटलं, अक्का चिडतील, दुसरीकडून साल घेतील आणि कल्पना परत येईल. भेसळ मीच केली होती हेही त्यात आहे. ज्या भेसळीमुळे तुम्ही नळीचा नियम काढलात, ती माझी.

आणखी एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. देवाप्पा दर हंगामाला विचारायचा, अक्कांना कळवलं का? मी म्हणायचो, कळवलं, त्या म्हणतात चालू दे. गावात आज सगळ्यांना असंच वाटतं की बंगळूरच्या अक्कांनी झाडं मारवली. गंगव्वा, म्हणजे देवाप्पाची बायको, पाण्याचे हंडे घेऊन माझ्या दारावरून जाते आणि तुमचं नाव घेऊन बोलते. मी ऐकून घेतो.

ओढ्याकाठी आता अकरा गुळुंब उभे आहेत. ते खडकाच्या बाजूला आहेत, चढायला अवघड, म्हणून राहिले. कोल्हापूरकडचा एक व्यापारी नळीला दीडपट दर द्यायला तयार आहे. तुम्ही बंद केलंत तर तो घेईल. रान माझं आहे, पण मी नाही म्हटलं तरी माणसं काय खाणार? तुमचा राग रास्त आहे. पण अक्का, मी हे सगळं कल्पनेसाठी केलं.

आपला,
बिंदुमाधव


चिकपेट, बंगळूर
८ ऑक्टोबर १९६१

बिंदू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि कल्पनेलाही वाचायला दिलं. तिच्यासाठी केलंस असं तू लिहितोस, मग ते तिनं वाचायला हवं होतं. तिनं ते घडी घालून परत दिलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेली, आता जेवते आहे.

बायकांना बोलावून मी सांगितलं, की नळीची साल आजपासून बंद. पट्टीची साल मिळेल तेवढीच घ्यायची, प्रत्येक तुकडा मी स्वतः भिजवून बघणार, आणि काम निम्म्यावर येणार. वाटलं होतं, बायका मला शाबासकी देतील. चांगुलपणाची हाव पैशाच्या हावेहून कमी नसते, हे मला ह्या वयात कळतंय. कस्तुराबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, झाडं तुम्ही कधी पाहिली न्हाईत. आम्हाला रोज पाहता."

वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या ठरवल्या आहेत. त्याच्या पैशातून ज्या बायकांना दुसरं काम नाही त्यांना वर्षभर पूर्वीइतकं देईन. सगळ्यांना पुरणार नाही. कस्तुराबाई आणि आणखी सात जणी परवाच दुसऱ्या कारखानदाराकडे गेल्या. त्याच्याकडची साल कुठून येते हे मला ठाऊक आहे. म्हणजे मी हात धुतले तरी पाणी त्याच ओढ्याचं संपणार. सत्यनारायणरावांना मी खरं सांगितलं, बत्ती थोडी झडेल, चालेल तर ठेवा. ते म्हणाले, सरी, बरं, विचार करतो. अजून विचार चालू आहे.

आता तुझं. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून तू तीन वर्षं रान मारलंस. मी माझा खांदा तिथे आणून दिला होता, ते मी कबूल केलंय. पण आता ऐक. कल्पना माझ्याकडेच राहील. बी.एस्सी. होईल, पुढे शिकायचं म्हणाली तर पुढे शिकेल. तू मला साल पाठव किंवा पाठवू नकोस, खरं लिही किंवा खोटं लिही, त्या अकरा झाडांचं काहीही कर, तिच्या फीला हात लागणार नाही. हे मी तिच्यादेखत लिहिते आहे. तेव्हा इथून पुढे जे करशील ते कल्पनेसाठी केलं असं तुला म्हणता येणार नाही. तुझं ते निमित्त मी काढून घेतलं.

आणि देवाप्पाच्या दारात जाऊन, गंगव्वाच्या समोर, त्याला सांग की अक्कांना मी कधी कळवलंच नव्हतं. मला चांगलं म्हणवून घ्यायची हौस राहिलेली नाही. पण माझ्या तोंडी जे शब्द मी बोलले नाही, ते मला परत हवेत.

तुंगाअक्का


गवसेवाडी, ता. खानापूर
१ नोव्हेंबर १९६१, बुधवार

ती. अक्का,

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. देवाप्पाच्या घरी जायला एवढे दिवस लागले. घर माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे.

काल सकाळी गेलो. देवाप्पा अंगणात दोर वळत होता. गंगव्वा उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. तुम्ही सांगितलं होतंत तसं, तिच्यासमोर सांगितलं. शब्द पाठ करून नेले होते, ते ऐन वेळी मागेपुढे झाले, पण काही वगळलं नाही. भेसळीचंही सांगितलं. गंगव्वा सूप ठेवून आत निघून गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

देवाप्पानं दोर वळायचा थांबवला नाही. म्हणाला, "मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, मास्तर. अक्कांना तुम्ही सांगितलंच न्हवतं. झाड मरतंय म्हणून सांगितलेलं माणूस एक तरी सवाल उलटा विचारतंय. त्यांचा एक बी सवाल आला न्हाई."

मी विचारलं, मग तू का तोडलीस? तो म्हणाला, "दर सव्वापट होता की. माझ्या बापानं जी झाडं हात लावून राखली, ती माझ्या नावानं माझ्यानं तोडवली नसती. तुम्ही अक्कांचं नाव दिलासा, मी त्या नावानं कोयता चालवला. तुम्हाला बी बरं पडलं, मला बी."

अक्का, मी तिथे बसलो. मला वाटत होतं, त्याला मी फसवलं. तो मला फसू देत होता. आम्ही दोघं तीन वर्षं एकमेकांसमोर तुमचं नाव धरून उभे होतो, आणि त्याच्या आडून दोघंही रान खात होतो.

मग त्यानं दोर खाली ठेवला आणि म्हणाला, "ती अकरा झाडं तेवढी आहेत. व्यापाऱ्याची लॉरी परवा येणार. तोडायला नाव होतं. आता थांबायचं कुणाच्या नावानं, तेवढं सांगा."

कल्पनेच्या नावानं, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तुमचंही नाव ओठांवर आलं. सरकारचं आलं, देवाचंही आलं. सगळी नावं जिभेवर तयार होती, सवयच झाली आहे. शेवटी म्हणालो, माझ्या. रान माझं आहे, मी नको म्हणतो, माझ्या नावानं थांबायचं.

देवाप्पानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत त्यानं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मग म्हणाला, "बघू या," आणि पुन्हा दोर घेतला.

उद्या मी सकाळपासून खडकाकडच्या वाटेवर जाऊन बसणार आहे. देवाप्पा येईल की नाही मला ठाऊक नाही. आला तर कोयता घेऊन येईल की रिकामा, तेही ठाऊक नाही. मला भीती वाटते आहे, अक्का. तो व्यापारी उतरून दीडपटीचे दुप्पट करील, आणि माझं नाव तेव्हा कितपत टिकेल हे मला सांगता येत नाही. काय झालं ते परवा लिहीन, जे असेल ते.

आपला,
बिंदुमाधव